कोड २०: शिकवायला वेळ नसलेल्या विभागाचं प्रकरण

आमच्या टाइमशीटमध्ये एकोणीस कोड होते. ड्रॉइंग, आकडेमोड, तपासणी, क्लायंटची मीटिंग, साइटची भेट, दुरुस्ती, प्रवास, रजा. प्लॉटर बिघडल्यामुळे वाया गेलेल्या वेळेलासुद्धा कोड होता. शेजारी बसलेल्या नव्या मुलाला एखादी गोष्ट समजावून सांगितली तर तो वेळ कुठे भरायचा, याला मात्र कोड नव्हता. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला वीस महिने आणि सात राजीनामे लागले.

मी एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीच्या एचआरमध्ये आहे. कारखान्यांच्या इमारती, यंत्रांचे पाये, पाइपांचे आधार अशा कामांची ड्रॉइंग आमच्याकडे होतात. प्रकरण आहे त्यातल्या एका विभागाचं, साधारण चाळीस माणसांच्या. त्या वर्षी कॉलेजातून थेट नऊ जण घेतले होते. चौदा महिन्यांत पाच गेले. मग आम्ही उपाय केले, आणि पुढच्या सहा महिन्यांत आणखी दोन गेले.

पहिलं निदान

पाचव्या राजीनाम्यानंतर बैठक झाली. विभागप्रमुख म्हणाले, "ही पिढीच अशी आहे. धीर नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. हे निदान फार सोयीचं असतं, कारण त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही.

नंतर आकडे बघितले तेव्हा थोडी लाज वाटली. अमेरिकेचं श्रम सांख्यिकी खातं, माणसं एका मालकाकडे किती काळ टिकतात याची नोंद अनेक वर्षं ठेवत आलं आहे. २५ ते ३४ वयोगटाचा मध्यक (निम्मे लोक त्याहून कमी, निम्मे जास्त टिकलेले) १९८३ साली ३ वर्षं होता. जानेवारी २०२४ मध्ये तो २.७ वर्षं होता. म्हणजे चाळीस वर्षांत जेमतेम काही महिन्यांचा फरक. त्याच २०२४ मध्ये ५५ ते ६४ वयाच्या लोकांचा मध्यक ९.६ वर्षं होता. तरुण माणसं तेव्हाही लवकर नोकरी बदलत होती आणि आजही बदलतात. आमच्या बैठकीत माना डोलावणारे बहुतेक जण पंचविशीत दोन-दोन नोकऱ्या सोडून इथे आले होते. त्यांचे बायोडाटा माझ्याच कपाटात आहेत. पिढ्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये घेतला. नोकरीतलं समाधान, संस्थेशी बांधिलकी, सोडून जाण्याचा इरादा या तिन्हींत त्यांना पिढ्यापिढ्यांमधले फरक किरकोळ, काही ठिकाणी जवळजवळ शून्य दिसले.

पण हे मी नंतर वाचलं. त्या बैठकीनंतर आम्ही जे केलं ते असं: टेबल टेनिसचं टेबल आणलं, शुक्रवारी दुपारी खेळ ठेवले, नव्यांना कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट दिले आणि 'बडी' योजना सुरू केली, म्हणजे प्रत्येक नव्याला एक जुना सोबती. बडी म्हणून ज्यांची नावं लिहिली ते विभागातले सगळ्यात कामात बुडालेले लोक होते, कारण सगळ्यात चांगलं काम त्यांनाच येत होतं. योजना एका एक्सेल शीटमध्ये सुरू झाली आणि तिथेच राहिली. टेबल टेनिस मात्र चाललं. सहावा राजीनामा देणारा मुलगा विभागाचा चॅम्पियन होता.

प्रश्नांची वही

राजीनामा दिलेल्या माणसाकडून आम्ही एक फॉर्म भरून घेतो. सातही फॉर्म माझ्याकडे होते. 'चांगली संधी' तीन, 'उच्च शिक्षण' दोन, 'वैयक्तिक कारण' दोन. या फॉर्मवर माझा आता विश्वास नाही. जाणाऱ्याला अनुभवाचं पत्र हवं असतं, पुढे कधी तरी आपल्याकडे चौकशीचा फोन येणार हे त्याला माहीत असतं. खरं लिहून त्याला काय मिळणार?

म्हणून निघून तीन-चार महिने झालेल्यांना मी एकेक करून फोन केले. पाच जण बोलले. त्यातल्या एकीचं बोलणं जसंच्या तसं लक्षात आहे.

"मॅडम, मी दिवसाला दोनच प्रश्न विचारायचे."

"असा नियम कुणी केला होता?"

"कुणीच नाही. मीच ठरवलं होतं. सर चिडायचे नाहीत, पण हेडफोन काढायच्या आधी एक क्षण थांबायचे. तेवढं मला पुरे होतं."

तिने एक वही केली होती. दिवसभरात पडलेले प्रश्न त्यात लिहायचे, आणि संध्याकाळी त्यातले दोन निवडून विचारायचे. मी विनंती केल्यावर तिने दोन पानांचे फोटो पाठवले. एका पानावर अकरा प्रश्न होते. दोन प्रश्नांपुढे बरोबरची खूण होती आणि उरलेल्या नऊंपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'नको'. त्या नऊंपैकी सातवा प्रश्न होता, 'व्हेंडर ड्रॉइंगची रिव्हिजन बी आली आहे का? मेलमध्ये उल्लेख दिसतो.' म्हणजे यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या ड्रॉइंगची नवी आवृत्ती.

त्या सातव्या प्रश्नाने पुढे काय केलं ते सांगायला हवं.

एका पंपाच्या पायाचं ड्रॉइंग तिच्याकडे होतं. पंप बनवणाऱ्या कंपनीने आपलं ड्रॉइंग बदललं होतं आणि अँकर बोल्टच्या जागा थोड्या सरकल्या होत्या. तिच्या फोल्डरमध्ये जुनी रिव्हिजन होती. दुसऱ्याच दिवशी तिला शंका आली, पण त्या दिवसाचे दोन प्रश्न विचारून झाले होते. त्याच्या पुढच्या दिवशी त्याहून तातडीचं काही निघालं. मग इतकं काम पुढे गेलं की आता विचारलं तर 'आधी का नाही विचारलंस' हे ऐकावं लागेल, अशी भीती. तपासणीला ड्रॉइंग गेलं तेव्हा अकरावा दिवस होता. पायाचं ड्रॉइंग, सळयांची मांडणी आणि बार बेंडिंग शेड्यूल (सळयांच्या लांब्या आणि आकारांचा तक्ता), तिन्ही पुन्हा करावी लागली. आढावा बैठकीत टीम लीडने सगळ्यांसमोर विचारलं, "दोन आठवडे तू नक्की काय करत होतीस?"

राजीनामा लगेच आला नाही. तीन आठवड्यांनी आला, 'वैयक्तिक कारण'वाला.

माणसं नोकरी का सोडतात यावर थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल यांनी १९९४ मध्ये एक मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की असमाधान थेंबथेंब साठत जाऊन एके दिवशी भांडं भरतं, हा एकच मार्ग नसतो. पुष्कळदा एखादा धक्का बसतो, आणि तोवर ज्याचा विचारही केलेला नसतो तो प्रश्न माणूस स्वतःला पहिल्यांदा विचारतो: मी इथे का आहे? धक्का मोठाच असावा लागतो असं नाही. सगळ्यांसमोर विचारलेलं एक वाक्यही पुरतं. मी बोलले त्या पाच जणांपैकी चौघांना असा एक नेमका दिवस सांगता आला. पगाराचा उल्लेख पाचही जणांनी केला, पण चौघांच्या बोलण्यात तो त्या दिवसानंतर आला. दुसरीकडे शोधायला लागल्यावर पगाराचा फरक दिसतो.

टीम लीडची बाजू

इथवर वाचून टीम लीड खलनायक वाटत असेल, तर तसं नाही. मी त्याच्याशी दोनदा बोलले. दुसऱ्या वेळी त्याने महिन्याचा तक्ता उघडून दाखवला. आठवड्याचे चाळीस तास, त्यातले ८५ टक्के बिलेबल, म्हणजे क्लायंटच्या बिलात लावता येणारे हवेत, म्हणजे चौतीस तास. उरलेल्या सहांत मीटिंगा, मेल, प्रस्तावांना मदत आणि हाताखालची दोन नवी मुलं. अर्धा तास कुणाला शिकवलं की तो 'ओव्हरहेड'मध्ये, म्हणजे बिलात न लागणाऱ्या वेळेत जातो, आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या नावापुढचा रंग हिरव्याचा पिवळा होतो. तो पिवळा रंग विभागप्रमुख बघतात. मुलगी शिकली की नाही, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

"सांगत बसण्यापेक्षा मीच करून टाकतो," तो म्हणाला. "अर्ध्या तासात होतं. तिला समजवायला दोन तास लागतात, आणि तरी मला परत बघावंच लागतं."

या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे. तो रात्री थांबून मुलांची ड्रॉइंग स्वतः नीट करत होता. सकाळी मुलांना आपलं ड्रॉइंग स्वच्छ होऊन पुढे गेलेलं दिसायचं. काय चुकलं, का चुकलं, काहीच कळायचं नाही. त्यामुळे पुढच्या वेळी तीच चूक. त्यामुळे त्याचा विश्वास आणखी कमी. त्यामुळे मुलांकडे फक्त बिनधोक कामं. एका मुलाने आठ महिने बार बेंडिंग शेड्यूलच केलं. अभियंता म्हणून घेतलेला मुलगा आठ महिने सळयांच्या लांब्या मोजत बसला, आणि आम्ही त्याला टी-शर्ट दिला.

एमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलेस या तीन अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांचा अभ्यास केला आहे. सहकाऱ्यांजवळ बसणाऱ्यांना कामावर जास्त अभिप्राय मिळतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा नव्या आणि तरुण लोकांना होतो, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो: जवळ बसल्यामुळे अनुभवी लोकांच्या हातून स्वतःचं काम कमी उरकतं. शिकवण्याची किंमत असते आणि ती ज्येष्ठांच्या वेळेतून जाते. आमच्या कंपनीने ती किंमत टीम लीडच्या वैयक्तिक खात्यावर टाकली होती आणि वर त्याने ती हसतमुखाने भरावी अशी अपेक्षा होती.

कोड २०

मागणी साधी होती. ज्यांच्या हाताखाली नवी मुलं आहेत त्यांचं बिलेबल उद्दिष्ट ८५ वरून ७५ टक्क्यांवर आणायचं. आठवड्याचे चार तास मोकळे होतात. ते तास भरायला नवा कोड: २०, 'मार्गदर्शन'.

फायनान्सने अर्थातच नको म्हटलं. मग आम्ही वर्षभराच्या टाइमशीट काढून 'दुरुस्ती'चे तास वेगळे केले. आम्ही मागत होतो त्याहून जास्त वेळ दुरुस्तीवर आधीच जात होता. तो रात्री जात असल्यामुळे कुणाला टोचत नव्हता एवढंच. फायनान्सचे गृहस्थ बराच वेळ तो कागद बघत राहिले आणि म्हणाले, "सहा महिने करून बघा."

पहिला महिना हास्यास्पद गेला. चार लीडपैकी तिघांच्या शीटवर दर आठवड्याला कोड २० खाली नेमके ४.० तास. ४.५ नाही, ३ नाही. शिकवणं इतकं काटेकोर कधीच नसतं. मी मुलांनाही तेच तास भरायला सांगितले, म्हणजे ताळा करता येईल. ही माझी चूक होती. मुलांना वाटलं आपल्याला सरांवर पाळत ठेवायला लावलं आहे, आणि लीडना वाटलं त्यांच्यावर अविश्वास आहे. दोघांचंही बरोबर होतं. दोन महिन्यांत ते बंद केलं.

खरा बदल वेगळ्याच ठिकाणाहून आला. आमच्याकडे तपासणीच्या प्रतीला चेक प्रिंट म्हणतात. तपासणारा बरोबर असलेल्या मापावर पिवळा हायलायटर फिरवतो आणि चुकीवर लाल पेनने खूण करतो. पद्धत जुनी आहे, पण लाल गोल काढून प्रत परत टाकायची इतकंच तिचं रूप उरलं होतं. एका लीडने, चौथ्याने, ज्याचे तास कधी ४.० नव्हते, आपल्यापुरता एक नियम केला: लाल खुणेशेजारी एक ओळ कारण लिहायचं, आणि प्रत टेबलावर ठेवून न जाता वीस मिनिटं शेजारी बसून दोघांनी ती बघायची. त्याची एक प्रत मी पाहिली. एका गोलाशेजारी लिहिलं होतं, 'इथे कव्हर ५० हवं, हा भाग मातीला लागून आहे.' (कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, मिलिमीटरमध्ये.) दुसऱ्याशेजारी, 'हे माप मीही आधी चुकलो होतो, सेक्शन बघ.' आम्ही तो नियम उचलला आणि सगळ्यांना लावला.

अभिप्राय दिला की काम सुधारतंच, हा समज क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्येच मोडला होता. शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केल्यावर सरासरी फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम बिघडलं होतं. अभिप्राय कामावरून सरकून माणसावर गेला की तो बिघडतो. 'रिव्हिजन जुनी आहे, उजव्या कोपऱ्यात बघ' हे कामावरचं. 'दोन आठवडे तू काय करत होतीस' हे माणसावरचं. दोन्हींना आमच्या विभागात एकच शब्द होता, फीडबॅक.

रोज दुपारी चार ते साडेचार शंकांची वेळ ठेवली. पहिला आठवडा कुणीच आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तोच चौथा लीड स्वतःचं ड्रॉइंग घेऊन आला आणि म्हणाला, "ही भिंत मला जमत नाहीये, जरा बघा." ते नाटक नव्हतं, त्याला खरंच जमत नव्हतं. त्यानंतर मुलं यायला लागली.

मग एक घोळ झाला. तिमाहीच्या चूक-नोंदीत या विभागाच्या चुका एकदम वाढल्या. वरून फोन आला: शिकवायला तास दिले आणि चुका वाढल्या? सुदैवाने मला एमी एडमंडसन यांचं काम माहीत होतं. नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासताना त्यांना उलटंच चित्र दिसलं होतं: ज्या तुकड्यांमध्ये संबंध चांगले, त्यांच्याच नोंदीत चुका जास्त. त्यांचा खुलासा असा की तिथे लोक चुका उघड बोलत होते, बाकीच्या ठिकाणी लपवत होते. आमच्या नोंदी आम्ही टप्प्यानुसार वेगळ्या केल्या. वाढलेल्या जवळजवळ सगळ्या चुका ड्रॉइंग बाहेर जाण्यापूर्वी आणि बहुतेक पहिल्या तीन दिवसांत पकडलेल्या होत्या. क्लायंटकडून परत आलेल्या कमी झाल्या होत्या. फोन थांबले.

साइटची भेटही लावली, पहिल्या सहा महिन्यांत एकदा. खर्च किरकोळ, तरी यासाठी मला सर्वांत जास्त भांडावं लागलं. सळयांच्या लांब्या मोजणारा तो मुलगा (टिकलेल्या दोघांपैकी एक) बांधून झालेल्या पायापाशी उभा राहून बोल्ट मोजत होता. सोबतचा साइट इंजिनिअर म्हणाला, "किती आहेत ते माहीत आहे ना तुला?" तो म्हणाला, "माहीत आहे. पण कागदावर हे एवढे मोठे दिसत नव्हते."

भरतीतही एक बदल केला. कॉलेजात आम्ही जे सादरीकरण दाखवतो त्यात उंच चिमण्या आणि मोठमोठे प्रकल्प असायचे. आता शेवटी एक स्लाइड असते: पहिले सहा महिने काम कंटाळवाणं असेल, त्यात काय काय करावं लागेल, आणि त्यानंतर काय हातात येईल. नोकरीचं खरं चित्र आधीच दाखवावं, हे जॉन वानस यांनी सत्तरच्या दशकापासून मांडलं आहे. पहिल्याच वर्षी दोन चांगल्या उमेदवारांनी ती स्लाइड बघून नकार दिला. विभागप्रमुख नाराज झाले. माझ्या मते ते दोघे आठव्या महिन्यात गेले असते.

जे जमलं नाही

पगाराचा प्रश्न सुटला नाही. दोन वर्षं काम केलेल्याला जेवढं मिळतं जवळपास तेवढ्यावरच आम्ही नवा माणूस घेतो, आणि हे दोघं शेजारी बसतात. असल्या गोष्टी कळायला त्यांना एक दुपार पुरते. चेक प्रिंटवर कितीही छान कारणं लिहा, याला ते उत्तर नाही. थोडी दुरुस्ती झाली, पुरेशी नाही. 'संस्कृती'च्या गप्पा मारून हा मुद्दा झाकण्याचा मोह एचआरला नेहमी होतो, मलाही होतो.

चारांपैकी एका लीडने शिकवायला साफ नकार दिला. "मला ते येत नाही आणि आवडत नाही." अभियंता म्हणून तो विभागात अव्वल आहे. आधी आम्ही त्याला प्रशिक्षणाला पाठवलं, ते फुकट गेलं. शेवटी त्याच्या हाताखाली मुलं देणं बंद केलं आणि माणसं न सांभाळता वर जाता येईल असं तांत्रिक पद त्याच्यासाठी तयार केलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. उत्तम काम करणाऱ्याला बढती म्हणून माणसं द्यायची, ही आमची सवय दोन्ही बाजूंना महागात पडत होती.

घरून कामाचे दिवसही नीट जुळले नाहीत. मुलं ऑफिसात आणि लीड घरी, असे दिवस अजून येतात.

पुढच्या वर्षी आठ जण घेतले. अठरा महिन्यांनी त्यातले सहा आहेत. एक शिकायला गेला, एक जास्त पगारावर. मात्र त्याच काळात बाजारात नोकऱ्याही कमी झाल्या होत्या, आणि आठ माणसांवरून काही सिद्ध होत नाही. मी फॉर्मवर अवलंबून राहणं सोडलं आहे. दर दीड महिन्याने प्रत्येकाशी बोलते आणि एकच प्रश्न विचारते: "गेल्या आठवड्यात कुठला प्रश्न विचारायचा राहिला?" सुरुवातीला सगळे म्हणायचे, कुठलाच नाही. आता सांगतात.

यंदाच्या अंदाजपत्रकात कोड २० काढून टाकायचा प्रस्ताव आहे. माणसं टिकू लागली आहेत, मग तास कशाला, असा युक्तिवाद. पहिला लेखी विरोध दर आठवड्याला ४.० तास भरणाऱ्या त्या टीम लीडकडून आला, ज्याने बैठकीत ते वाक्य विचारलं होतं त्याच्याकडून. त्याच्या मेलमध्ये मुलांच्या भल्याबद्दल एक शब्दही नाही. त्याने लिहिलंय की गेल्या आठ महिन्यांत तो एकदाही रात्री थांबून दुसऱ्याचं ड्रॉइंग दुरुस्त करत बसलेला नाही, आणि ते पुन्हा सुरू करायची त्याची तयारी नाही. निर्णय पुढच्या महिन्यात आहे.